मानाचं तिकीट

लग्नात टॉवेल-टोपी कोणाला द्यायची, याची यादी आमच्या खामगावकडं कागदावर लिहावी लागत नाही. ती सगळ्यांना पाठ असते. आधी व्याही, मग जावई, मग मामा, मग गावातले चार कर्ते. उन्हातान्हात मांडव घालणाऱ्याला टोपी मिळत नाही अन् आयुष्यात कधी टोपी न घालणाऱ्याला मिळते. टोपीपुरतं ते चालून जातं. खुंटीला टांगून ठेवली तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण मोठ्या मॅचचं तिकीटही आपण याच यादीनं वाटतो, आणि माझं भांडण तिथं आहे.

तिकीट हा मान नाही. तिकीट म्हणजे खेळ पाहायला मिळालेली एक जागा. ती जागा ज्याला खेळ पाहायचा आहे त्याची. एवढी साधी गोष्ट आपल्या घरांना अजून पटत नाही.

खामगावात मोठी मॅच होत नाही. आमचं मोठं मैदान नागपूरला, तीनशे किलोमीटरवर. आधी ते शहरात सिव्हिल लाइन्सला होतं, 2008 पासून वर्धा रोडवर जामठ्याला आहे. जामठ्यात सुमारे 45 हजार माणसं बसतात, आणि तिकडं डोळे लावून बसलेत विदर्भाचे अकरा जिल्हे. नागपुरात कोणी पाहुणा असला, त्यानं खटपट केली, तर घरात दोन-तीन तिकिटं येतात. घरात माणसं असतात बारा. मग बैठक बसते. या बैठकीत घर जसं उघडं पडतं तसं ते वाटणीच्या वेळीसुद्धा पडत नाही, कारण वाटणीला निदान तलाठी असतो, कागद असतो, कायदा असतो. इथं फक्त सवय असते.

अशी एक बैठक मी जवळून पाहिली आहे. 1987 चा विश्वचषक होता. 31 ऑक्टोबरला नागपूरला भारत-न्यूझीलंड. दिवाळी नुकतीच झालेली. आमचं गाव खामगावपासून दोन कोसांवर. आत्या दिवाळीला माहेरी आलेली होती आणि तिला न्यायला जवाईबुवाही येऊन राहिले होते. नागपूरच्या मामांनी तीन तिकिटं मिळवली आणि ती आमच्या घरी पोचवली.

आता आत्याबद्दल सांगितलं पाहिजे. 1971 साली गावसकरनं वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत 774 धावा काढल्या, तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून तिनं गावसकरची प्रत्येक खेळी लिहून ठेवली होती. वही विकत घ्यायला पैसे कोण देणार? जिनिंगमधून कापसाच्या पावत्या यायच्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती लिहायची आणि सुईदोऱ्यानं शिवून ठेवायची. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं, की पोळ्या लाटता लाटता ऐकायची. लग्न होऊन गेली तेव्हा त्या पावत्यांचा गठ्ठा पेटीत साड्यांखाली घालून घेऊन गेली. आमच्या घरात क्रिकेटमधलं काही अडलं, तर पुरुषही तिलाच विचारायचे. "काय व, पायचीत असलं म्हंजे नेमकं काय असते?" असं मोठ्या बाबांनी तिला विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

बैठक बसली. पहिलं तिकीट जवाईबुवांचं. त्यावर चर्चाच नाही, ते मानाचं. उरली दोन. मोठे बाबा म्हणाले, भांडण नको, देवापुढं चिठ्ठ्या टाकू. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. मी सातवीत होते, अक्षर चांगलं होतं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. मोठे बाबा नावं सांगत गेले, मी लिहीत गेले. मोठे बाबा, माझे बाबा, मधले काका, धाकटे काका, दोन चुलतभाऊ. सहा झाली. सातवं नाव माझ्या धाकट्या भावाचं. त्याचं वय पाच.

मी विचारलं, "आत्याचं लिहू?"

मोठे बाबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तिचे मालक चालले ना. म्हंजे तीच गेल्यासारखी हाये."

आत्या तेव्हा चुलीपाशी दशम्या करत होती. रात्रीच्या गाडीसाठी. तिनं मान वर केली नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. एक निघाली धाकट्या काकांची. दुसरी निघाली माझ्या पाच वर्षांच्या भावाची. एवढ्या लहान पोराला त्या गर्दीत नेता येत नाही, हे सगळ्यांना लगेच पटलं. मग त्याच्या वतीनं बाबा गेले.

चिठ्ठीवाल्या न्यायाबद्दल माझं जे म्हणणं आहे ते सगळं यात आलं. लोक म्हणतात, चिठ्ठीसारखा निवाडा नाही, त्यात कोणाचा हात नसतो. हात असतो. चिठ्ठी उचलताना नसेल, पण लिहिताना असतो. डब्यात नावं कोणती घातली, तिथंच निकाल लागलेला असतो. पुढं देवाला बोलावतात ते त्या निकालावर सही घेण्यापुरतं. पाच वर्षांच्या पोराचं नाव डब्यात जातं, कारण ते पुढं पुरुष होणार आहे. तीस वर्षांच्या बाईचं जात नाही, मग ती सोळा वर्षं हिशेब ठेवत असली तरी.

त्या दिवशी काय झालं ते क्रिकेटवाल्यांना पाठ आहे. चेतन शर्मानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड, तिघांचेही त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग गावसकरनं अंगात ताप असताना 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं ते एकुलतं एक शतक. भारतानं 222 चं आव्हान 33 षटकांच्या आत उडवलं. आत्यानं ते सगळं रेडिओवर ऐकलं आणि पावतीच्या पाठीवर 103 ला गोल केला. जवाईबुवा परत आले तेव्हा तिनं विचारलं, "चॅटफिल्डचा कोनता दांडा उडाला?" हॅटट्रिकच्या वेळी ते चहा घ्यायला उठले होते. म्हणाले, "उडाला एखादा."

पाचच दिवसांनी, 5 नोव्हेंबरला, वानखेडेवर भारत इंग्लंडकडून उपांत्य सामना हरला आणि गावसकर निवृत्त झाला. आत्याला त्याला खेळताना डोळ्यांनी पाहायची दुसरी संधी उरली नाही. जवाईबुवा वाईट माणूस नव्हते, हेही सांगते. त्यांना मॅच नको होती. मान नाकारता येईना म्हणून ते गेले. मानाच्या यादीचा हा गुणच आहे. ज्याला नको त्याला बळंच देते आणि ज्याला हवं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

कोणी म्हणेल, ती जुनी गोष्ट झाली. बरं. 12 मार्च 2011. जामठ्याला विश्वचषकातली भारत-दक्षिण आफ्रिका मॅच. तोवर आमच्या घरात मोबाइल होते, मोटारसायकली होत्या, दोन पोरी कॉलेजात होत्या. तिकिटं दोन. माझ्या भावाची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. गल्लीतल्या पोट्ट्यांना ती ऑफस्पिन टाकायची आणि त्यांचे दांडे उडवायची. या वेळी बैठकीत तिचं नाव निघालं, एवढी प्रगती झाली होती. पण एक तिकीट घरातल्या थोरल्या मुलाला गेलं आणि दुसरं घराबाहेर गेलं, एका कचेरीतल्या साहेबाला. शेताचा कागद अडला होता. साहेबाला क्रिकेटचा शौक होता की नाही, कोणी विचारलं नाही. सचिननं 111 केल्या. 1 बाद 267 वरून भारत 296 मध्ये आटोपला; 29 धावांत नऊ गडी. पोरीनं ते घरातल्या टीव्हीवर पाहिलं आणि कागद मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत अडलेलाच राहिला.

म्हणजे यादीत मानाच्या जोडीला काम आलं. आधी तिकिटानं नातं राखायचं, आता तिकिटानं काम काढायचं. खेळ पाहणं हे कारण दोन्ही वेळी शेवटी.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला तोंडपाठ आहेत. एकेक घेते.

पहिलं उत्तर: "टीव्हीवर त्यायले घरबसल्या चांगलं दिसते, रिप्लेसुद्धा दाखवतात." खरं आहे. मग एवढं चांगलं दिसत असताना पुरुष कशाला तीनशे किलोमीटर उभ्यानं जातात? त्यांनाही दाखवा ना घरबसल्या. मैदानात काहीतरी असतं जे टीव्हीत नसतं, हे त्यांना माहीत आहे म्हणूनच ते जातात.

दुसरं: "रात्रीचा प्रवास, एवढी गर्दी, बायांची सोय नसते." सोय नसते हे खरं, आणि ती करून घेण्यासाठी भांडायला पाहिजे. पण गर्दीचं कारण आमच्या भागातल्या माणसानं तरी देऊ नये. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगावहून शेगावपर्यंत रस्ता माणसांनी भरून जातो. त्या गर्दीत पहाटेच्या अंधारात बाया चालतात, पोर कडेवर घेऊन चालतात, म्हाताऱ्या अनवाणी चालतात. तिथं कोणी म्हणत नाही, गर्दी आहे, तू टीव्हीवर दर्शन घे. गर्दी बाईला झेपते हे आपल्याला पक्कं माहीत आहे. तिनं स्वतःच्या आवडीसाठी गर्दीत जाणं तेवढं आपल्याला झेपत नाही.

तिसरं: "घरचं कोण पाहीन?" हे उत्तर निदान प्रामाणिक आहे. ऐन वेचणीच्या दिवसांत मॅच आली तर गडी माणूस दोन दिवस जाऊ शकतो, बाई जाऊ शकत नाही, कारण ती गेली तर शेतातला कापूसही थांबतो आणि घरातली चूलही. म्हणजे जिच्यावाचून घर चालत नाही तिला सुट्टी नाही आणि ज्याच्यावाचून चालतं त्याला तिकीट! खामगाव-जलंब ही लाइन इंग्रजांनी 1870 साली टाकली ती कापसाच्या गाठी न्यायला. आमच्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस त्या लाइनीनं विलायतेपर्यंत गेला. वेचणाऱ्या मात्र तीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला मॅच पाहायला गेल्या नाहीत.

चौथं: "पैसे ज्याचे, तिकीट त्याचं." कापूस विकून आलेले पैसे कोणाचे, हा प्रश्न मी इथं विचारत नाही. वर उत्तर येऊन गेलं आहे.

पाचवं उत्तर जरा अवघड आहे: "तिले आवडच नाही." पुष्कळ बायांना खरंच आवड नाही. माझ्या मायला नव्हती. पण हे तिला विचारून ठरलं नव्हतं. जो पोरगा लहानपणापासून बापाच्या खांद्यावर बसून मैदानात गेला त्याला आवड लागते. जी कधी गेलीच नाही तिला कुठून लागणार? एकदा मी आजीला मुद्दाम विचारलं होतं, "आजी, तुझं नाव टाकू का चिठ्ठीत?" आजी म्हणाली, "मले कायले? मह्या वाटचं त्या पोरीले दे." बघा, तिला नको होतं, पण विचारल्याबरोबर तिनं आपला वाटा कोणाला द्यायचा ते ठरवलं. त्याग तिचाच होता, म्हणून तो करायचा हक्कही तिचाच. आपण बाईला न विचारता तिच्या वतीनं त्याग करून मोकळे होतो आणि वर तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करतो.

हा नुसता आपल्या गावचा रोग नाही. इराणात जवळपास चाळीस वर्षं बायांना पुरुषांच्या फुटबॉल मॅचचं तिकीटच मिळत नव्हतं. सहर खोदायारी नावाची तरुणी आपल्या लाडक्या संघाची मॅच पाहायला पुरुषाचा वेश करून शिरताना पकडली गेली. तुरुंगाच्या धास्तीनं तिनं न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर 2019 मध्ये ती गेली. जगभर ओरड झाली. 10 ऑक्टोबर 2019 ला तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये बायांना जागा दिली गेली. इराणनं कंबोडियाला 14-0 नं हरवलं. हे वाचून आपण चुकचुकतो आणि म्हणतो, बरं आहे बाप्पा, आपल्याकडं असं नाही. आपल्याकडं फाटकावर कोणी अडवत नाही हे खरं. अडवायची वेळच येत नाही. आपली यादी घराच्या ओसरीवर तयार होते आणि मैदानाच्या फाटकापर्यंत बाई पोचतच नाही. तिथला कायदा बदला म्हणून सरकारकडं मागता येतं. ओसरीवरच्या कायद्यासाठी कोणाकडं जायचं?

आता अलीकडचं. 2 नोव्हेंबर 2025. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाची अंतिम मॅच, भारत-दक्षिण आफ्रिका. ज्या स्पर्धेत साखळी सामन्यांची तिकिटं 100 रुपयांपासून होती, तिच्या अंतिम मॅचला तिकिटासाठी ओढाताण. आणि आमच्या घरच्या फोनवर काय चाललं होतं? "कोन कोन जाऊन राह्यलं?" म्हणून विचारणा सुरू होती आणि पहिली जी चार नावं आली ती चारही पुरुषांची. पोरींची मॅच, पोरींचा कप, आणि पाहायला जाणार कोण, तर काका, दादा, भाऊजी आणि भाऊजींचा मित्र.

पण या वेळी तिकिटं घराकडं नव्हतीच. ती होती 2011 च्या त्या ऑफस्पिनवाल्या पोरीकडं. ती आता पुण्यात नोकरी करते. तिनं स्वतःच्या पैशानं दोन काढली आणि बैठक न घेता आपल्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, घेऊन गेली. वहिनीला क्रिकेटमधलं काही कळत नाही. घरात धुसफूस झाली, "आमाले विचारलं नाही, अन् जिले काही समजत नाही तिले नेलं." मीही पोरीला म्हटलं, अगं, आवड असणाऱ्याला न्यायचं ना. ती म्हणाली, "आत्या, आईनं साठ वर्षांत एकदाही मैदान पाहिलं नाही. बाबांनी चारदा पाहिलं." पावसानं मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, मध्यरात्रीपर्यंत चालली. वहिनी शेवटच्या चेंडूपर्यंत उभी होती. शफालीच्या 87, दीप्तीच्या 58 आणि वर पाच बळी. भारत 52 धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला फोन करून विचारलं, "काव बाई, ते पायचीत म्हंजे काय असते?"

माझं आणि पोरीचं अजून पूर्ण जमत नाही. मी म्हणते, ज्याला आवड त्याचं तिकीट. ती म्हणते, ज्याला आजवर मिळालं नाही त्याचं. दोन्हींत दम आहे. एखाद्या म्हाताऱ्याला पुढची मॅच दिसेल की नाही याची खात्री नसेल, तर त्याचा हक्कही मला मान्य आहे. फक्त तोच हक्क शेजारी बसलेल्या म्हातारीलाही लावा. यावर घराघरांत भांडण व्हावं. ते चांगलं भांडण आहे. पण "जावई आहेत", "पोरगा आहे", "साहेब आहेत" ही तिकीट द्यायची कारणं नाहीत. जवाईबुवांना मान द्यायचा तर रोडगे करून घाला, शालजोडी द्या, पानाचा विडा द्या.

पुढच्या वेळी जामठ्याची तिकिटं येतील. तेव्हा घरात जेवढी माणसं जेवतात तेवढी नावं डब्यात पडली पाहिजेत; सुनेचं, आजीचं, सासरहून आलेल्या बहिणीचं. चिठ्ठी उचलण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याला जायचं नाही त्यानं स्वतःच्या तोंडानं नाही म्हणावं आणि आपली जागा कोणाला द्यायची तेही त्यानंच सांगावं. आणि जिचं नाव निघेल तिच्यासाठी दशम्या मागं राहिलेल्यांनी कराव्या. येत नसतील तर शिकावं. गाडी रात्रीची असते, वेळ भरपूर असतो.